इस्तिखारा : भलाईची मागणी आणि निर्णयाची जबाबदारी

‘इस्तिखारा’ म्हणजे ‘खैर’ अर्थात भलाई मागणे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या साथीदारांना कुरआनची सूरह शिकवावी तितक्याच काळजीने सर्व बाबतींत इस्तिखारा शिकवीत असत (सहीह बुखारी). दोन रकअत नफल नमाज अदा करून दास आपले अज्ञान व असमर्थता मान्य करतो आणि विनवितो की, हे काम माझ्या धर्माच्या, उपजीविकेच्या व परिणामाच्या दृष्टीने हिताचे असेल तर ते सोपे कर; अहिताचे असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर ठेव; भलाई जिथे असेल तिथे ती मला दे आणि तिच्यावर मला संतुष्ट कर.

या हदीसमध्ये स्वप्नाचा किंवा पांढऱ्या-हिरव्या रंगाचा कोठेही उल्लेख नाही. अज्ञानकाळातील अरब बाण काढून कौल घेत असत. दिव्य कुरआनने (५:९०) त्या प्रथेला सैतानी कृत्य ठरविले. इस्तिखाऱ्यालाच आपण कौल बनविला, तर जुनी प्रथा नव्या नावाने घरात आली असे होईल.

इस्तिखाऱ्याआधीही एक पायरी आहे : जी बाब विचारायची ती मुळात वैध आहे काय? नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. मात्र काटोल-नरखेडकडील कित्येक बगीच्यांचे सौदे त्याआधीच, झाडे फुलोऱ्यावर असताना किंवा फळ लिंबाएवढे असताना होतात. पुढे फळगळ झाली, गारपीट झाली, तर एकाने घेतलेले पैसे कशाच्या मोबदल्यात? प्रेषित (स.) यांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि फळ पक्व होण्याची लक्षणे दिसेपर्यंत ते विकण्यास विक्रेता व खरीददार दोघांनाही मनाई केली. अशा सौद्याचे तपशील जाणकार आलिमांना विचारावेत. त्यासाठी इस्तिखारा नाही. जिथे आज्ञा स्पष्ट आहे तिथे भलाई कोणत्या बाजूला आहे हे आधीच सांगितलेले आहे. फळ तयार झाल्यावर कोणता बगीचा घ्यावा, भागीदार कोणाला करावे, माल कळमन्यात उतरवावा की दूरच्या बाजारात पाठवावा, हे प्रश्न इस्तिखाऱ्याचे.

त्यासोबत सल्लामसलतही हवी. सीरियाच्या वाटेवर प्लेगची बातमी कळताच हजरत उमर (रजि.) यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशचे वडीलधारे यांना क्रमाने बोलावून मत विचारले व परतण्याचा निर्णय घेतला. “अल्लाहने ठरविलेल्या नियतीपासून पळता काय?” असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी दाखला दिला : दरीचा एक उतार हिरवा व दुसरा ओसाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्याच नियतीने चारले जातात. माणसाने मात्र हिरवा उतार ओळखायचा असतो. बाजारभाव न पाहता, हिशेब न मांडता केवळ दुआ करणारा आपल्या वाट्याचे काम अल्लाहवर ढकलत असतो.

सर्वांत मोठी चूक विवाहाच्या बाबतीत होते. मुलगी पाहून झाल्यावर हुंड्याचे जमले नाही किंवा रंग पसंत पडला नाही, तर “इस्तिखारा ठीक आला नाही” असा निरोप जातो. नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु आपल्या नापसंतीवर अल्लाहचे नाव लिहिणे हे खोटे आहे, आणि त्याचा घाव एका निरपराध मुलीला आयुष्यभर सोसावा लागतो. उलट, काही घरांत इस्तिखारा वडील, मामू किंवा कोणी अपरिचित ‘बाबा’ करतो आणि जिचा विवाह आहे तिला कोणी विचारतही नाही. हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) यांच्याकडे खुद्द प्रेषितांचा (स.) प्रस्ताव आला, तेव्हाही आपल्या पालनकर्त्याचा सल्ला घेतल्याशिवाय आपण काही करणार नाही, असे सांगून त्या नमाजसाठी उभ्या राहिल्या (सहीह मुस्लिम). प्रस्ताव त्यांचा होता, म्हणून इस्तिखाराही त्यांनीच केला.

तात्पर्य, इस्तिखारा करणाऱ्याने आपली इच्छा थोडी सैल सोडून मुसल्ल्यावर यावे. होकार आधीच ठरवून आलेला माणूस मार्गदर्शन मागत नाही, शिक्कामोर्तब मागतो. प्रामाणिकपणे मागितल्यावर जे योग्य दिसेल ते निर्धाराने करावे आणि अल्लाहवर भरवसा ठेवावा. मग सौद्यात तोटा आला तरी ‘इस्तिखारा चुकला’ असे म्हणू नये. त्याने नफा मागितलाच नव्हता. भलाई आणि तिच्यावरील समाधान मागितले होते.