दिवसा मारलेली माणसे

भयकथा म्हटली की आपल्याकडची गंभीर वाचक मंडळी नाक मुरडतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी हा प्रकार मराठी वाचकांच्या घरोघरी नेला, तरी साहित्याच्या चर्चेत भुताखेतांना कोणी पाट मांडत नाही. आम्हांला मात्र असे वाटते, की माणूस कशाला भितो आणि भ्यायल्यावर काय करतो, हा नीतीचा फार मोठा प्रश्न आहे, आणि तो भयकथेइतक्या उघडपणे इतरत्र क्वचितच मांडला जातो. म्हणून एका अमेरिकन कादंबरीच्या निमित्ताने आम्ही तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रिचर्ड मॅथेसन यांची 'आय ॲम लिजंड' ही छोटी कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. कथा घडते लॉस एंजेलिस शहरात, त्या वेळी भविष्यकाळ असलेल्या १९७६ ते १९७९ या वर्षांत. एका जंतूच्या साथीने सारे शहर रक्तपिपासू झाले आहे. रॉबर्ट नेव्हिल हा एकच माणूस त्या रोगापासून बचावला आहे. त्याची मुलगी साथीत गेली. बायकोही गेली. सरकारी हुकूम प्रेते जाळण्याचा होता, पण तो मोडून त्याने तिला चोरून दफन केले, आणि ती परत आली. रात्र झाली की त्याच्या घराभोवती रक्तपिपासूंचा गराडा पडतो. दारा-खिडक्यांना फळ्या ठोकून, लसणाच्या माळा लावून तो आत बसतो. बाहेरून त्याला नावाने हाका मारणारा बेन कॉर्टमन हा एकेकाळचा त्याचा शेजारी आणि सोबती आहे.

येथपर्यंत आपण सारे नेव्हिलच्या बाजूने असतो, आणि ते योग्यच आहे. दार फोडून आत येऊ पाहणाऱ्याला अडविण्याचा हक्क कोणताही धर्म आणि कोणताही कायदा नाकारीत नाही. परंतु नेव्हिलला रात्रीसारखा दिवसही आहे. उजेड पडला की रक्तपिपासू बेशुद्धीसारख्या गाढ झोपेत असतात. त्या वेळी तो लाकडाच्या टोकदार मेखा घेऊन निघतो, घरामागून घर धुंडाळतो आणि झोपलेल्यांच्या छातीत मेखा ठोकीत जातो. संध्याकाळी घरी परततो, दारू पितो, रेकॉर्डवर संगीत ऐकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्रीचा नेव्हिल जीव वाचवतो, तर दिवसाचा नेव्हिल जीव घेतो. पहिल्याला मिळालेली आपली सहानुभूती दुसऱ्यापर्यंत केव्हा सरकत गेली, हे वाचताना कळत नाही. लेखकाने टाकलेला डाव हाच आहे.

नेव्हिल अडाणी किंवा दुष्ट नाही. तो ग्रंथालयातून पुस्तके आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो, रक्त तपासतो. लसणाचा परिणाम का होतो, सूर्यप्रकाशाने जंतू का मरतो, याचा छडा लावतो. क्रूसाचे कोडेही तो आपल्या परीने सोडवतो. क्रूसाची भीती त्यालाच वाटेल, जो आजारापूर्वी ख्रिस्ती होता. ज्यू, हिंदू, मुसलमान किंवा नास्तिक माणूस रक्तपिपासू झाला, तर त्याला क्रूसाचे काय? कॉर्टमन ज्यू होता, त्याच्यावर परिणाम झाला तो तोरा या ग्रंथाचा.

रक्तपिपासूंच्या यादीत आपलेही नाव वाचून मुसलमान वाचकाला हसू येईल. पण त्या हसण्यापलीकडे एक गंभीर गोष्ट आहे. ज्याला आपण राक्षस म्हणतो त्याला एक मजहब होता, एक घर होते, आईने शिकवलेली एक प्रार्थना होती, आणि त्याची खूण अजून त्याच्यात शिल्लक आहे, असे नेव्हिलच्याच संशोधनातून निघते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या आजाऱ्यांत दोन प्रकार आहेत हेही त्याला कळते. काही मरून उठलेले, तर काही अजून जिवंत, केवळ रोगाने ग्रासलेले. इतके कळल्यावर तरी हात थांबावा. तो थांबत नाही. यांना काय झाले आहे, हे नेव्हिलने कसून विचारले. हे कोण आहेत, हे मात्र त्याने विचारले नाही.

त्याचे उत्तर रूथ नावाची स्त्री घेऊन येते. ती दिवसाउजेडी फिरताना दिसते, म्हणून तो तिला निरोगी समजतो. प्रत्यक्षात ती जिवंत आजाऱ्यांपैकी आहे. त्यांनी जंतूला आवरणारी गोळी शोधली आहे, आणि ते नवा समाज उभा करीत आहेत. रूथला हेरगिरीसाठी पाठवलेले असते, आणि तिचा नवरा नेव्हिलच्या हातून मेलेला असतो. तरीही ती पत्र लिहून त्याला पळून जाण्याची सूचना देते. अखेरीस नव्या समाजाचे लोक त्याला पकडून नेतात. खिडकीतून खाली जमलेल्या गर्दीकडे पाहताना तिच्या डोळ्यांतली भीती त्याला ओळखीची वाटते. ही तर त्याचीच भीती! झोपेत असताना येऊन आपल्या माणसांना मारून जाणारी अदृश्य आपत्ती म्हणजे तो स्वतः. जुन्या जगाला जसा रक्तपिपासू, तसा या जगाला तो. आता दंतकथा होणार ती त्याची.

या शेवटावरून पुष्कळ जण असा धडा घेतात, की राक्षस कोण हे बहुसंख्य ठरवतात आणि संख्या बदलली की न्यायही बदलतो. आम्हांला हा धडा अपुरा वाटतो. मॅथेसन नव्या समाजालाही निर्दोष सोडीत नाहीत. त्याचे सैनिक नेव्हिलच्या दारासमोर मेलेल्या रक्तपिपासूंना भाल्यांनी आणि बंदुकांनी ज्या क्रूरपणे संपवतात, ते पाहून नेव्हिलला आपल्या जन्माच्या वैऱ्याची, कॉर्टमनची दया येते. म्हणजे एकटा असताना नेव्हिल जे करीत होता, तेच संख्येने मोठे झालेले लोक करीत आहेत. अल्पसंख्य असणे हा पुण्याचा दाखला नव्हे आणि बहुसंख्य असणे हा सत्याचा पुरावा नव्हे. समोरच्याला मारण्यापूर्वी त्याची ओळख पटवली का, त्याला बोलू दिले का, एवढेच विचारण्यासारखे उरते.

हॉलिवूडने २००७ साली याच नावाचा चित्रपट काढला. शहर न्यूयॉर्क झाले आणि नायक विल स्मिथ. चित्रपटगृहांत दाखवलेल्या शेवटात नायक मानवजातीसाठी औषध सोपवून प्राणांची आहुती देतो. चित्रित झालेल्या दुसऱ्या एका शेवटात, समोरचा आजारी आपल्या जोडीदारणीला सोडवायला आला आहे हे नायकाला उमगते, आणि तो तिला परत देतो. मूळ पुस्तकाच्या जवळचा शेवट हा दुसरा. पण पडद्यावर गेला तो पहिला. आपण चुकलो असू, हा विचार घेऊन घरी जाण्यापेक्षा आपला वीर हुतात्मा झाला हे समाधान विकायला सोपे असते.

हे सारे कल्पनेतले आहे असे म्हणून सुटता येणार नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाचे गाव आहे. तेथील जॉर्ज ब्राऊन यांची पत्नी आणि थोरली मुलगी क्षयाने गेल्या. १८९२च्या जानेवारीत मर्सी ही एकोणीस वर्षांची मुलगीही गेली. मुलगा एडविन त्याच रोगाने खंगत होता. शेजाऱ्यांनी ठरवले, की मेलेल्यांपैकी कोणीतरी त्याचे रक्त शोषीत आहे. मार्च महिन्यात प्रेते तपासली गेली. मर्सीचा देह हिवाळ्याच्या थंडीत ठेवलेला होता, म्हणून टिकून होता. अशा दिवसांत असे होणे स्वाभाविक आहे, तिच्या फुप्फुसांत क्षयाच्या खुणा आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. तरी तिचे काळीज काढून जाळले आणि ती राख औषध म्हणून भावाला पाजली. मे महिन्यात एडविन वारला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला होता १८८२ साली, म्हणजे दहा वर्षे आधी.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते तर आणखी जुने आहे. १७५५ साली मोराव्हियात अशाच भयाने कबरी उकरल्या जाऊ लागल्या, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांना विचारले. त्यांनी हे सारे अज्ञान असल्याचा निर्वाळा दिला, आणि प्रेते उकरणे, मेखा ठोकणे, जाळणे यांवर बंदी आली. म्हणजे भीती होती तेथेही आधी चौकशी करणे अशक्य नव्हते.

आमच्या वाचकांना संशयाखाली जगणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. ती तक्रार खोटी नाही. पण तिच्या आडून आपण आपल्याच मोहल्ल्यात कोणाकोणाला अंधारातले प्राणी ठरवून ठेवले आहे, तेही मोजावे लागेल. वेगळ्या पंथाचा शेजारी, तलाक मिळालेली बाई, अवघड प्रश्न विचारणारा तरुण. यांच्यापैकी कितींचे म्हणणे आपण पुरते ऐकून घेतले आहे?

जॉर्ज ब्राऊन यांचा त्या समजुतीवर विश्वास नव्हता. शेजाऱ्यांच्या आग्रहापुढे त्यांनी संमती दिली. आपल्यापैकी बहुतेक जण मेखा ठोकणारे नसतात आणि अफवा उठवणारेही नसतात. आपण संमती देणारे असतो. मनातून पटलेले नसते, पण चार लोकांपुढे नको म्हणवत नाही. जगातल्या पुष्कळशा कबरी अशाच माणसांच्या परवानगीने उकरल्या गेल्या आहेत.