रहम कुणासाठी?

नेरळहून वर चढले की दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते. पुढे माथेरानात मोटारींना बंदी आहे. सुमारे 800 मीटर उंची, तांबडी माती, दाट झाडी, तीत शेकरू आणि माकडे. पावसाळ्यात धुके, हिवाळ्यात पायवाटा, उन्हाळ्यात गार वारा. माणूस बारा महिने येतच असतो. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. इथली छोटी रेल्वे 1907 साली सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून उभी राहिली, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले. आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात आपली नावे क्वचितच भेटतात.

डिसेंबर 2019 मध्ये आम्ही सातवीची सहल नेली होती. एका सहकारी बाईंच्या अम्मीही सोबत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना चालवेना, म्हणून हातरिक्षा केली. एकजण पुढून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. चढ लागला तसा पुढच्याचा दम आम्हाला ऐकू येऊ लागला. अम्मी म्हणाल्या, "बेटा, मुझे उतार दो. मुझसे देखा नहीं जाता."

तो थांबला. "आजी, बसा. तुम्ही उतरलात तर आमची मजुरी बुडेल."

आम्ही म्हणालो, पैसे पूर्ण देतो. त्यावर तो म्हणाला, "मग फुकटचे कशाला घेऊ?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बसावे तर माणसाने माणूस ओढायचा. उतरावे तर त्याच्या हलाल रोजीची खैरात करायची. अम्मींच्या रहमदिलीबद्दल आम्हाला शंका नाही. पण उतरल्याने हलके कोण होणार होते? तो, की आम्ही? ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. बातमी वाचून बरे वाटले. मात्र आदेशाच्या पहिल्या भागाने जितके बरे वाटले, तितकी दुसऱ्या भागाची चौकशी आम्ही केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्याच दुपारी एका मुलाने माकडाला बिस्किट टाकले. पाहता पाहता पाच-सात माकडे जमली, एकाने मुलीच्या हातातला डबाच ओढला. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "सर, प्यासे कुत्ते को पानी पिलाने से बख्शिश हुई थी ना?"

गोष्ट आम्हीच वर्गात सांगितलेली! आम्ही म्हणालो, तो कुत्रा तहानेने मरत होता. या माकडांना जंगलात फळे आहेत, पाला आहे. बिस्किटाची चटक लागली की ते हिसकावायला शिकते आणि मग लोक त्याच्यावर काठी उगारतात. तुझी नेकी त्याच्या पाठीवर पडते. आधी त्याची गरज बघ, मग खिशात हात घाल.

मुलाने पुडा दप्तरात ठेवला. पटले म्हणून की आमच्या भीतीने, कळले नाही. सकाळी रिक्षावाल्यापुढे पैसे धरताना आम्ही तरी त्याची गरज कुठे विचारली होती?

संध्याकाळी परतताना अम्मी पुन्हा त्याच रिक्षात बसल्या. भाडे ठरले तेवढेच दिले. चढ आला की त्या डोळे मिटून घेत होत्या.