इहिरीवरचं इंजन

आमच्या गोठ्यात कुटाराच्या पोत्यांआड एक इंजन पडून आहे. एका सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं. दोन्ही बाजूंना माणसाच्या मांडीएवढी जड चाकं. विजेची मोटर आली तेव्हापासून त्याला काम नाही. पोरगा दर दिवाळीला विचारतो, "बाबा, भंगारवाला किलोवर घेते, देऊन टाकू काय?" मी म्हणतो, पाहू. असं पाहता पाहता बरीच वर्षं झाली.

मागच्या साली भाच्यानं इंग्लंडातून मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. तो बर्मिंगहॅमला असतो. तिथं कालव्यांचं जाळं आहे आणि त्यांत लांबच लांब, अरुंद बोटी चालतात. सत्तर फूट लांबी, रुंदी जेमतेम सात फूट. कालव्यावरचे दरवाजे तेवढेच रुंद बांधलेले, म्हणून बोटीही तशा. पूर्वी त्यांतून कोळसा जायचा. काठावरून घोडा दोर ओढत चालायचा. मग घोडा गेला, इंजन आलं. पुढं माल रेल्वेनं आणि ट्रकनं जायला लागला. आता लोक हौसेनं त्या बोटी राखतात, आणि जुनं इंजन असलेले बोटमालक वर्षातून एकदा एका काठावर जमतात. इंजनखोलीची दारं उघडी टाकायची, पितळ घासून लख्ख करायचं, इंजन हळू चालवायचं आणि ऐकत उभं राहायचं. एवढाच कार्यक्रम. पांढऱ्या केसांची माणसं डोळे मिटून उभी. भाच्यानं खाली लिहिलं होतं, "मामा, आवाज ऐका."

मी ऐकला. तो आमच्या इहिरीचा आवाज होता.

यात चमत्कार काही नाही. ग्लॉस्टरशायरच्या लिस्टर कंपनीची इंजनं तिकडं बोटीत बसत, आणि त्याच धाटणीची राजकोटला बनून आपल्याकडं विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत बसत. कोणाकडं किर्लोस्कर, कोणाकडं सातारचं कूपर. हाडं एकच. चाक दोन फेरे घेतं तेव्हा एकदा डिझेल पेटतं, म्हणून तो ठोका सुटा सुटा, मोजता येईल असा वाटतो. रात्री दोन कोसांवरून सांगता यायचं, कोणाच्या वावरात पाणी चालू आहे.

मला त्या लोकांचा हेवा वाटला. ते डोळे मिटून ऐकू शकतात. मी मिटले की १९७२ दिसतं.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. बापानं भूविकास बँकेचं कर्ज काढून इंजन घेतलं त्याला तीन वर्षं झाली होती. शेजारच्या बुढ्याची विहीर आमच्यापासून दीडशे पावलांवर. त्याच्याकडं मोट होती, दोन म्हातारे बैल होते आणि आमच्यासारखीच संत्र्याची बाग होती. त्या साली पाऊस झालाच नाही. आपल्या काळ्या खडकात पाणी सगळीकडं नसतं. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. एकाच भेगेवर दोन विहिरी असल्या की जो खोल आणि लवकर उपसतो त्याच्याकडं पाणी धावतं. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं.

वीस-बावीस फुटांच्या खालचं पाणी पंप ओढत नाही. म्हणून पाणी खाली गेलं तसं बापानं विहिरीत ओटा कोरला आणि साखळ्या लावून इंजन खाली उतरवलं. बुढ्याची मोट तोवर गाळात आपटत होती. एके संध्याकाळी तो आमच्या ओसरीत आला. बसला नाही. म्हणाला, "भाऊ, एक दिवस आड चालव ना इंजन. माह्या झाडाले जरा झरा लागू दे."

बाप म्हणाला, "प्याले पाणी केव्हाही न्या, दादा. पण इहीर माह्या वावरात हाये. थांबलो तर दोघाईची बाग जाईन."

बापाला वाईट म्हणवत नाही. प्यायला पाणी त्यानं अर्ध्या गावाला दिलं. आणि थांबलो असतो तर दोन्ही बागा वाळल्याही असत्या, कोण सांगणार? कायदाही बापाच्याच बाजूचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात लिहिलंय की आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाह नसलेलं पाणी मालकानं हवं तसं काढावं. महाराष्ट्रानं १९९३ साली भूजलाचा कायदा केला तोही पिण्याच्या पाण्यापुरता, सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको म्हणणारा. शेजाऱ्याच्या संत्र्याचं काय, हे त्यानंही सांगितलं नाही.

आमची झाडं जगली. त्याची उन्हाळ्याआधी वाळली. बुढा-बुढी दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला गेली.

मी बारा वर्षांचा होतो. बाप हँडल मारी. चाकाला वेग आला की वरची कळ पाडायचं काम माझं. कळ पडली की इंजन पेटे. तो पहिला ठोका छातीत बसायचा, आणि मला त्यासारखं दुसरं सुख नव्हतं. शेजारी काय वाळतंय हे मला दिसत होतं, तरी मी रोज पहाटे कळ पाडायला धावत होतो.

इंजन तर लोखंड, त्याला काय पाप, असं माझा मास्तर मित्र म्हणतो. कबूल. पण मग खंडेनवमीला आपण त्याला हळदकुंकू कशाला लावतो? बाग जगवल्याचं पुण्य त्याच्या नावावर मांडायचं आणि बाग वाळवल्याचं मात्र लोखंड म्हणून सोडून द्यायचं, हा हिशेब मला जमत नाही. त्या कालव्यावरच्या लोकांनाही कोणी विचारत असेल का, घोडेवाल्यांचं काय झालं? विचारलं तरी आता उत्तर द्यायला समोर कोणी उरलं नसेल. माझ्या समोर आहे. बुढ्याचा पोरगा, माझ्याच वयाचा. त्याचं वावर आजही बांधाला बांध लागून आहे.

यंदाच्या खंडेनवमीला मी इंजन बाहेर काढलं. गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं नोझल धुतलं, रिंगा सोडवल्या. पाचसहा जण जमले, सगळे साठीपुढचे. तोही आला. न बोलावता. मिस्त्रीच्यानं हँडल फिरेना, तसा तो पुढं झाला.

"सर, मले मारू दे."

त्यानं मारलं. मी कळ पाडली. चौथ्या खेपेला पेटलं, काळा धूर निघाला आणि मग तो ठोका सुरू झाला. सगळे हसले. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र हँडल हातात धरून तसाच उभा राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "आमच्या बुढ्याले रात्री झोप नव्हती येत. उठून बसे. मोजत राहे."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

आश्विनात विहीर काठोकाठ भरलेली होती. इंजनाला पंप जोडलेला नव्हता, साधा पट्टाही नव्हता. तरी थोड्या वेळानं त्यानं माझ्या दंडाला हात लावला. "कर बाप्पा बंद," तो म्हणाला, "पाणी जाऊन राहिलं."

मी बंद केलं. घरातून चहा आला तो आम्ही तिथंच, इंजनाच्या गरम टाकीला टेकून प्यायलो.