लवणाऱ्याचे श्रम

चेलो आणि अ‍ॅकॉर्डियन ही जोडी घरगुती मैफलीत बसते तेव्हा एक तडजोड श्रोत्याच्या डोळ्यांदेखत घडते. अ‍ॅकॉर्डियनचे स्वर, आपल्या पेटीप्रमाणेच, धातूच्या पट्ट्यांत बांधलेले. चेलोला पडदेच नाहीत. जुळवून घेणे ओघानेच चेलोकडे येते. अ‍ॅकॉर्डियनच्या समान विभागलेल्या सप्तकातला पंचम शुद्ध पंचमाहून अर्धस्वराच्या सुमारे पन्नासाव्या भागाने उणा असतो. चेलोच्या चार तारांत मिळून हा फरक तिप्पट होतो, म्हणून वादक खर्जाकडील तारा किंचित चढवून घेतो. मोठ्या सभागृहात हे विरून जाते. दिवाणखान्यात सरकणारे बोटही दिसते.

ज्याला लवता येते त्यानेच लवावे, हा न्याय की केवळ सोय? मींड आणि श्रुती जमत नाहीत म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीच बंद केली. ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. मला तो निवाडा चुकीचा वाटतो. ताठरपणा ही पेटीची घडण आहे, अपराध नव्हे. अन्याय असलाच तर तो लवणाऱ्याचे श्रम कोणी मोजत नाही, यात आहे.

सोफिया गुबाइदुलिना यांची ‘इन क्रोचे’ ही १९७९ची रचना मुळात चेलो आणि ऑर्गनसाठी. १९९१मध्ये ती बायान या बटनांच्या रशियन अ‍ॅकॉर्डियनसाठी सिद्ध झाली. तीत चेलो खर्जातून वर चढतो, बायान तारसप्तकातून खाली उतरते आणि वाटेत दोघे एकमेकांना छेदतात. जागा दोघांनाही सोडावी लागते. स्वर मात्र तिथेही चेलोच जुळवतो.