उसनवारी आणि नाते

ऑक्टोबरच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत नाशिकच्या द्राक्षबागेत पैसा ओतावाच लागतो. अशा वेळी हात प्रथम भावापुढे, मित्रापुढे पसरला जातो. बेन सिराच्या ग्रंथाचा २९ वा अध्याय शेजाऱ्यास उसने द्या असे सांगतो. पण घेताना हाताचे चुंबन घेणारा परतफेडीच्या वेळी कसा बदलतो, हेही तो लपवीत नाही. पैसा बुडणे हा लहान धोका. देणारा नकळत न्यायाधीश होतो, भावाच्या घरचा सणही त्यास उधळपट्टी वाटतो. घेणारा वाट चुकवू लागतो. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली वसईत सहकारी पतसंस्था स्थापिली. तेथे कर्जास नियम असतो, म्हणून भाऊ भाऊच राहतो. आम्हांस वाटते, बुडाले तरी मन कडवट होणार नाही तेवढे दान समजून द्यावे. त्याहून अधिक असल्यास मुदतीसह लिहून घ्यावे. तो कागद अविश्वासाचा नव्हे, नात्याच्या रक्षणाचा होय.