पाकीट उघड

उभा राहा. चाळिशी ओलांडलीस, दोन मुलांचा बाप झालास, टोकियोत पंधरा माणसं तुझ्या हाताखाली काम करतात, हे सगळं मला माहीत आहे. तरी उभा राहा. काल रात्री तुझ्या निशी-कासाईच्या घरून जेवून निघताना तुझ्या बायकोने माझ्या हातात तीन पाकिटं ठेवली. "बाई, आमचं ऐकत नाहीत, निदान तुमचं ऐकतील," एवढंच म्हणाली. तू तेव्हा आत ऑफिसच्या फोनवर होतास.

कंपनीच्या तपासणीची, तीन वर्षांची तीन पाकिटं, त्यातली दोन फोडलेलीसुद्धा नाहीत. यंदाचं तिनेच फोडलं होतं. रक्तदाब १५२/९६, एचबीए१सी ६.४, कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर आणि खाली शेरा, 'यो-साइकेन्सा'. त्याचा अर्थ मला तुझ्या सहावीतल्या मुलीने सांगितला. यो म्हणजे गरजेची, साइ म्हणजे पुन्हा, केन्सा म्हणजे तपासणी. सांगता सांगता पोरीचा आवाज बारीक झाला. तेव्हा भाषेची सबब माझ्यापुढे नको. बढती हवी होती तेव्हा रात्र रात्र जागून कांजी पाठ केल्यास. आणि रक्तदाबाचा आकडा वाचायला कुठली कांजी लागते?

या देशात १९७२ च्या कायद्याने कंपनीला दर वर्षी नोकरांची तपासणी करावी लागते, नोकरालाही ती चुकवता येत नाही. २००८ पासून चाळिशीपुढच्या माणसाच्या कमरेला टेप लावतात आणि पुरुषाचा घेर ८५ किंवा त्याहून जास्त असला की खाण्यापिण्याची, चालण्याफिरण्याची चौकशी सुरू होते. इतकं सगळं दारात आणून दिलं, तर तू ते पाकीट चार्जरच्या वायरी ठेवतोस त्या खणात टाकलंस. तुझ्याच वर्गातली मुलं सांगलीत अर्धा दिवस बुडवून, पदरचे पैसे मोजून रक्त तपासून घेतात. त्यांना निरोगी राहण्याचे धडे कोण देतं? तू!

दहावी 'ब'च्या ग्रुपवर तू इथून सकाळी साडेसहाला संदेश टाकतोस, तेव्हा सांगलीत पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि माझा फोन उशाशी किणकिणतो. 'जपानी लोकांच्या दीर्घायुष्याचं रहस्य.' उपाशीपोटी चार ग्लास पाणी प्या, मधुमेह पळेल. हे 'जपानी पाणी-उपचार' मी तुला शिकवलेल्या कुठल्या शास्त्रात बसतात ते सांग. रोज दहा हजार पावलं चाला, असंही तू लिहितोस. ती दहा हजारांची संख्या डॉक्टरांनी संशोधनातून काढलेली नाही. टोकियोचं ऑलिंपिक १९६४ मध्ये झालं, पुढच्या वर्षी एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. चालणं चांगलंच आहे, त्याहून कमी पावलांनीही पुष्कळ फायदा होतो. पण तू तर स्टेशनपर्यंतही सायकलने जातोस.

ओकिनावाच्या शतायुषी म्हाताऱ्यांचे फोटोही तूच पाठवतोस. त्याच ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात १९९५ साली देशात चौथे होते आणि २००० साली सव्विसावे झाले. जपानी लोक त्याला 'सव्विसाचा धक्का' म्हणतात. बेट तेच होतं, हवा तीच होती. आजोबांचं ताट नातवापुढे राहिलं नाही, त्या जागी बर्गर आणि तळलेलं मांस आलं, दाराशी मोटार आली. जपानच्या पाण्यात आयुष्य वाढवण्याचा गुण असता तर असं झालं असतं का?

तुला जपानकडून शिकायचंच असेल तर नागानो शिक. डोंगराळ मुलूख, कडाक्याची थंडी. हिवाळाभर लोक मिठात मुरवलेला पाला आणि खारट मिसोचं सूप यांवर राहायचे, आणि पक्षाघाताने पटापट जायचे. १९४५ साली वाकात्सुकी तोशिकाझू नावाचे शल्यचिकित्सक तिथल्या साकूच्या लहानशा रुग्णालयात आले. रोगी फार उशिरा येतात हे बघून ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. भाषणाला लोक कंटाळतात म्हणून डॉक्टर आणि परिचारिका तोंडाला रंग लावून नाटुकली करायचे. १९५९ मध्ये याचिहो गावात सगळ्या गावाची वार्षिक तपासणी सुरू झाली आणि ज्याच्या त्याच्या हातात स्वतःच्या तब्येतीची वही आली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या साध्या गृहिणी शेजारणींच्या स्वयंपाकघरात जाऊन सूप किती खारट आहे ते मोजू लागल्या. २०१० सालच्या आयुर्मानात नागानोचे पुरुषही पहिले आणि बायकाही पहिल्या. वर्षानुवर्षं हजारो घरांतलं मीठ चमच्या-चमच्याने उतरलं, तेव्हा हे झालं.

वाकात्सुकींनी दुखणं लपून राहणाऱ्या माणसांचे दोन प्रकार सांगितले होते. एकाला आपण आजारी आहोत हे कळलेलंच नसतं. दुसऱ्याला कळतं, पण तो सोसत राहतो, कारण डॉक्टरला द्यायला पैसा नसतो आणि शेतातून हलायला सवड नसते. तू यांतला कुठला? तुझ्याकडे कागद आहे, विमा आहे, चालत पाच मिनिटांवर दवाखाना आहे. दारिद्र्यापायी सोसणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या ओळीत मी तुला उभा करणार नाही.

काल जेवताना मी बघत होते. पापडावर पापड, भाताबरोबर आईने धाडलेलं लोणचं दोनदा. ऑफिसच्या मंडळींबरोबर रात्री रामेन होतं आणि त्याचं सूप तळापर्यंत पितोस, हेही तूच कौतुकाने सांगितलंस. त्या एका वाडग्यात सहा ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. "मला काही होत नाही, बाई, एकदम ठणठणीत आहे," असंही वर म्हणालास.

तुझे वडीलही हेच म्हणायचे. तू नववीत असताना त्यांना पक्षाघाताने गाठलं. पुढे तुमच्या निरोपसमारंभाला ते उजवा पाय ओढत आले होते आणि तू शाळेच्या फाटकापासून सभागृहापर्यंत त्यांचा हात धरून चाललास. त्या दिवशी मी तुला निबंधाची वही परत दिली नाही, कारण तुझे हात मोकळे नव्हते. तो दिवस मी विसरले नाही. तू विसरलास, असं मला वाटत नाही. पाकीट न फोडण्याचं कारण आळस नाही, भीती आहे, हे न कळण्याइतकी तुझी बाई म्हातारी झालेली नाही. पण न वाचल्याने आकडा खाली येतो का? तीन वर्षांपूर्वी तो किती होता, ते त्या दोन पाकिटांत बंद आहे. कदाचित तेव्हा नुसतं मीठ कमी करून आणि रोज अर्धा तास चालून भागलं असतं. आता गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. तू ठरवायचं नाही, मीही नाही आणि तुझा ग्रुप तर नाहीच.

"गणपतीनंतर बघतो" हे उत्तर मला चालणार नाही. मी रविवारच्या विमानाने परत जाते आहे. आज ती दोन पाकिटं बायकोसमोर बसून फोड. उद्या सकाळी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळव आणि तिन्ही कागद घेऊन दवाखान्यात जा. वडिलांचं काय झालं ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांग. जपानीत सांगता येत नसेल तर मुलीकडून शब्द लिहून घे, तिला ते येतात.

शनिवारी संध्याकाळी माझ्या लेकीच्या घरी ये. डॉक्टरांनी काय सांगितलं ते माझ्यासमोर म्हणून दाखवायचं. येताना धाकट्यालाही घेऊन ये. सुट्टीत रोज साडेसहाला तो बागेत रेडिओवरच्या कवायतीला जातो, आणि त्याच्या कार्डावर किती शिक्के झाले ते मला बघायचे आहेत. बाबा एकदाही बरोबर आले नाहीत, असं काल तो मला सांगत होता.