अस्सलपणाची मागणी

चेन्नईच्या बीच स्थानकावरून सुटणारी उपनगरी गाडी सुमारे तासाभराने तांबरमला पोचते. बीच स्थानकाबाहेर बर्मा बझार आहे. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांना उपजीविकेसाठी १९६९ साली तेथे दुकाने मिळाली. संध्याकाळी त्या परिसरात ‘अथो’ विकणाऱ्या हातगाड्या लागतात. तांबरमला स्थानकापासून थोडे चालल्यावर अशाच एका कुटुंबाची छोटी खानावळ लागली. चार बाकडी, स्टीलच्या ताटल्या, भिंतीवर एक कॅलेंडर आणि दारापाशी हात धुण्याची मोरी, एवढाच तिचा संसार. पदार्थांची यादी पाच-सहा ओळींत संपत होती.

मी अथो मागितला. खानावळीच्या वृद्ध मालकांनी पिवळसर जाड शेवया एका पातेल्यात घेतल्या. त्यांत बारीक चिरलेला कोबी, कांदा, तळलेला कांदा व लसूण, चिंचेचा कोळ, तिखट, मीठ आणि तेल घातले. वरून कुरकुरीत चकतीचा चुरा केला आणि सारे हातानेच कालवले. ब्रह्मी भाषेत ह्या शब्दाच्या मुळाशी कालवण्याचाच अर्थ आहे, हे मला नंतर कळले. सोबत केळीच्या खोडातील गाभ्याचा कढत रस्सा आला. ब्रह्मदेशात सकाळच्या न्याहारीला मोहिंगा नावाचा माशाचा रस्सा आणि तांदळाच्या शेवया खातात. त्या रश्श्यातही हाच गाभा असतो. येथे मासा गळला होता आणि गाभा उरला होता.

जेवण मला आवडले. तरीही हात धुताना मी विचारले, “हे खरे ब्रह्मी जेवण आहे का?” प्रश्नात दुष्टावा नव्हता, पण एक अधिकार मात्र मी नकळत गृहीत धरला होता. वृद्ध गृहस्थ रंगूनच्या बाजारात शिकलेल्या हिंदुस्थानीत म्हणाले, “आपण रंगूनला जेवलात का कधी?” मी नाही म्हणालो. “मग कसे ओळखणार?” असे म्हणून ते हसले. मग थोडे थांबून म्हणाले, “दहा वर्षांचा होतो, तेव्हा बोटीने मद्रासला आलो. पुन्हा गेलो नाही. तिथे आता काय खातात, कोण जाणे. आई असे कालवीत असे.”

त्या उत्तरामागे केवढा इतिहास आहे! १९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि रंगून शहराची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. चेट्टियार सावकारांच्या पैशावर इरावतीच्या मुखाकडील भातशेती वाढली. गोदीतला, गिरणीतला आणि शेतातला मजूर समुद्र ओलांडून तेथे गेला. ह्या संबंधात शोषणही होते, हे विसरून चालणार नाही. कर्जात बुडालेल्या ब्रह्मी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या नावावर गेली आणि त्याचा रोष मजुरावरही उतरला. १९४२ साली जपानी सैन्याच्या आक्रमणामुळे लाखो भारतीय निघाले, अनेक जण पायवाटेवरच मेले. १९६२ साली जनरल ने विन ह्यांनी सत्ता घेतली. पुढे व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले आणि मे १९६४ मध्ये मोठ्या चलनी नोटा एकाएकी रद्द झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली माणसे थोड्याशा सामानानिशी बोटीत चढली. तेथे त्यांना भारतीय म्हणून परके ठरवले गेले होते. येथे उतरल्यावर ती ‘बर्मावाली’ झाली.

अशा माणसाकडे आपण अस्सलपणाचा दाखला मागतो, तेव्हा नेमके काय मागत असतो? अस्सलपणाची एक मागणी न्याय्य आहे. दुधात पाणी नसावे, तुपात भेसळ नसावी, एका वस्तूच्या नावावर दुसरी विकली जाऊ नये. ती सत्याची मागणी आहे आणि तिथे फसवणुकीचा प्रश्न असतो. माझ्या प्रश्नातली मागणी तशी नव्हती. त्या गृहस्थांनी मला काहीच खोटे सांगितले नव्हते. मला हवे होते ते एवढेच, की त्यांनी माझ्यासाठी दूरदेश जसाच्या तसा जपून ठेवावा. साठ वर्षे तांबरमच्या उन्हात काढूनही त्यांनी रंगूनच्या धक्क्यावरच उभे राहावे, म्हणजे मला तिकिटाशिवाय परदेश पाहता येईल. ज्याला एकदा घरातून काढले, त्याने कायम घराबाहेरचाच राहावे, अशी ही मागणी आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. बदल सगळाच क्षम्य मानला, तर मूळ वस्तूशी निष्ठा नावाचे मूल्य उरते का? स्मृतीलाही काही शिस्त असते. मराठी वाचकाला ह्या संदर्भात दोन बंदिवास आठवतील. १९०८ ते १९१४ ह्या काळात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. तेथे त्यांचा स्वयंपाक एक ब्राह्मण कैदी करीत असे. त्या मुलखाचे अन्न त्यांनी आपलेसे केले नाही. सर्वस्व हिरावले गेलेल्या माणसाला आपला आहार, आपली दिनचर्या आणि आपले लेखन ह्यांतच स्वतःला सांभाळून ठेवावे लागते. ‘गीतारहस्य’ त्याच कोठडीत लिहिले गेले.

दुसरा बंदिवास उलट दिशेचा. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा ह्याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून प्रथम मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. तेथेच १९१६ साली तो वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, तेथेच तिने संसार केला आणि २००० साली तेथेच तिचा अंत झाला. राजाची नात मराठी बोलणारी, गरिबीत दिवस काढणारी रत्नागिरीकर बाई झाली. तिच्या घरी जाऊन “तुम्ही खऱ्या ब्रह्मी का?” असे कोणी विचारले असते, तर तो प्रश्न आपल्याला निर्दय वाटला असता. टिळकांनी जपले म्हणून ते संकुचित ठरत नाहीत आणि टूटू मिसळून गेली म्हणून ती खोटी ठरत नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे, हे ज्याचे गेले त्याने ठरवायचे असते. पाहणाऱ्याला त्या निवडीचा अर्थ समजून घेता येईल, पण तिला गुण देता येणार नाहीत.

मग मूळ वस्तूशी निष्ठेचा प्रश्न कोणीच विचारू नये का? ह्याचे उत्तर मला त्याच खानावळीत मिळाले. मी पैसे देत असताना आतून नातू एक ताटली घेऊन आला. तरुण गिऱ्हाइकांसाठी त्याने शेवयांत लाल सॉस आणि कोंबडीचे तुकडे घातले होते. वृद्ध गृहस्थ ताटलीकडे पाहून तमिळमध्ये काही म्हणाले. “हे अथो नाही,” एवढेच त्यातले मला कळले. नातूही काही बोलला. दोघांचे आवाज थोडे चढले आणि मग ताटली गिऱ्हाइकापुढे गेली.

शब्द जवळजवळ माझेच होते. फरक होता तो बोलणाऱ्याच्या नात्यात. आजोबांनी ते आईचे हात डोळ्यांपुढे ठेवून म्हटले, दुकानाचे भाडे, नातवाचे पोट आणि उद्याचे गिऱ्हाईक ह्यांची काळजी वाहत म्हटले. त्या वाक्याची किंमत चुकती करण्याची त्यांची तयारी होती. मी मात्र जेवणाची किंमत दिली होती आणि तेवढ्यावर निकालाचाही हक्क विकत घेतला, असे मानले होते. परंपरेविषयीचे खरे भांडण घरातले असते. त्यात भाग घेणारा हरला तरी घरातच राहतो. बाहेरच्याचा निवाडा मात्र कोणत्याही बाजूने लागला तरी त्याचे स्वतःचे काही जात नाही.

आपल्या विचारात ऋण आणि किंमत ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत दिली की व्यवहार संपतो. ऋण मानले की संबंध सुरू होतो. ज्या माणसाला दोन देशांनी पाहुणाच समजले, तो चार बाकड्यांच्या बळावर यजमान झाला होता आणि माझ्यापुढे ताटली ठेवत होता. यजमानाकडून त्याच्या घराचा पुरावा मागू नये, एवढे शहाणपण कोणत्याही जेवणाऱ्याकडे असायला हवे. जाणून घ्यायचे असेल, तर विचारण्यासारखे दुसरे पुष्कळ होते: आई हे कोणाकडून शिकली, बोटीत काय खाल्ले, येथे पहिली चूल कुठे मांडली.

परतीची गाडी सुटायला वेळ होता. मी पुन्हा बाकड्यावर बसलो आणि थोडा रस्सा मागितला. त्यांनी वाटी भरून दिली आणि विचारले, “कसा आहे?” ह्या वेळी मी “चांगला आहे” एवढेच म्हणालो, आणि त्यांच्या आईचे गाव विचारले.